परमुलखातील संक्रांत : भोपाळच्या अशोका गार्डनमधील तिळगूळ



पौष महिना अर्ध्यावर आला की अशोका गार्डन व आसपासच्या वसाहतींतील मराठी कुटुंबांकडून, विशेषतः बदली होऊन नव्याने आलेल्या कुटुंबांकडून, आमच्याकडे काही ठरावीक विचारणा होऊ लागतात. यंदा संक्रांत चौदाला की पंधराला? सुगडे कोठे मिळतील? हळदीकुंकवास अमराठी शेजारणींना बोलवावे काय, आणि बोलाविल्यास त्यांना वाण द्यावे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसरा वरवर साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटात एक चौथा प्रश्न असतो व तो सहसा हलक्या आवाजात विचारला जातो : ज्या भगिनींचे पती निवर्तले आहेत त्यांना बोलवावे काय? या प्रश्नांचा एकत्र परामर्श घ्यावा, या हेतूने हा लेख येथे देत आहोत.

आपण येथे कसे आलो

भोपाळ हे मराठी माणसास अगदीच अपरिचित नगर नव्हे. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामास भोपाळपाशी कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह झाला. हे दोराहा आजच्या सीहोर जिल्ह्यात आहे. परंतु ते सैन्य आले आणि गेले. येथे बिऱ्हाड करून राहिलेली आपली बहुतेक कुटुंबे १ नोव्हेंबर १९५६ नंतरची आहेत. त्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरऐवजी भोपाळ ही नव्या राज्याची राजधानी ठरली. सचिवालयातील कर्मचारी आपापल्या फायलींसह नागपूरहून इकडे आले. मध्य भारत राज्यही याच वेळी विलीन झाल्यामुळे ग्वाल्हेर आणि इंदूर येथून शिंदे-होळकरांच्या पदरी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या घराण्यांतील मंडळी आली. त्याच १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, जी पुढे १९७४ मध्ये ‘भेल’मध्ये विलीन झाली. तिच्या कारखान्यासाठी महाराष्ट्रातून तंत्रज्ञ आले, तसेच केरळ, तामिळनाडू, आंध्र, बंगाल, पंजाब, बिहार अशा सर्व दिशांनी लोक आले.

रेल्वेमार्गाच्या पूर्वेस, रायसेन रस्ता व गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने वाढलेले अशोका गार्डन हे या सर्वांच्या मिश्रणातून तयार झालेले आहे. शेजारीच पंजाबी बाग आहे. एका गल्लीत मराठी घर एखादेच, क्वचित दोन. आणि ती दोन घरेही एका रीतीची असतील असे नाही. एक नागपूरकडील, दुसरे ग्वाल्हेरकडील, आणि दोघींच्या सासूबाईंनी सांगितलेली वाणाची पद्धत वेगवेगळी. तेव्हा ‘आपली रीत’ म्हणजे नेमकी कोणाची, हा वाद आपल्याकडे अमराठी शेजाऱ्यांच्याही आधी सुरू होतो, हे हसतमुखाने मान्य करावयास हरकत नाही.

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या १२ लाखांहून अधिक होती. त्यांतील मोठा भाग बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट अशा सीमेलगतच्या जिल्ह्यांत आहे, जेथे संक्रांत ही गावाची संक्रांत असते. भोपाळात ती घराची असते. हा फरक पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

चौदा की पंधरा

आपले बहुतेक सण चांद्र तिथीवर चालतात, संक्रांत मात्र सूर्यावर चालते. सूर्य निरयन मकर राशीत प्रवेश करतो तो क्षण म्हणजे मकरसंक्रमण. त्यास पक्ष लागत नाही, तिथी लागत नाही, चांद्र महिनाही लागत नाही. परप्रांतात राहणाऱ्यास या गोष्टीचे महत्त्व चटकन जाणवते. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो, उत्तर भारतात तो पौर्णिमेस संपतो. त्यामुळे प्रत्येक वद्य पक्षात आपला महिना एक आणि शेजाऱ्यांचा दुसरा असतो. २०२६ साली १४ जानेवारीस संक्रांत आली तेव्हा एकादशी होती. आपल्या पंचांगात ती पौष वद्य एकादशी, तर शेजारच्या घरातील पंचांगात माघ कृष्ण एकादशी. उपास दोघांचा एकच, महिने दोन. (त्या दिवशी खिचडीचे दान करावे हे सर्वांस मान्य होते, ती खावी किंवा कसे यावर मात्र गल्लीत पुष्कळ चर्चा झाली.) गणेशोत्सव आपला, करवा चौथ त्यांची, पोंगल तिसऱ्याचा. परंतु सूर्याचे संक्रमण सर्वांच्या माथ्यावर एकाच क्षणी होते. म्हणून मिश्र वस्तीत एकत्र साजरा होण्यास हा सण जितका सोयीचा आहे तितका दुसरा कोणताही नाही, असे आमचे मत आहे.

आता तारखेविषयी. ताऱ्यांच्या संदर्भात सूर्याची एक फेरी पूर्ण होण्यास ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे ९ मिनिटे लागतात. त्यामुळे संक्रमणाची वेळ दर वर्षी सहा तासांहून किंचित अधिक पुढे सरकते आणि लीप वर्षातील जादा दिवस ती पुन्हा मागे ओढतो. म्हणूनच २०२३ व २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीस आली, आणि २०२५ व २०२६ मध्ये पुन्हा १४ जानेवारीस. मात्र मागे ओढताना थोडी तूट राहून जाते. ती साचत साचत सुमारे ७२ वर्षांत एक दिवसाची होते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला व तो दिवस मकर संक्रांतीचा होता, हे अनेकांनी वाचले असेल. बाराची संक्रांत चौदा-पंधरावर कशी आली, याचे उत्तर या साचलेल्या तुटीत आहे. याच हिशेबाने ‘पानिपत संक्रांतीच्या दिवशी झाले’ हा सार्वत्रिक समजही तपासून पाहावा. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली हे निश्चित, परंतु गणित मांडले असता त्या वर्षीचे संक्रमण तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेले दिसते. ‘संक्रांत कोसळली’ हा आपला वाक्प्रचार पानिपताशी जोडण्याचा मोह त्यामुळे आवरावा हे बरे.

दिवस मोठा होऊ लागतो तो संक्रांतीपासून, असेही सांगण्यात येते. वस्तुतः २१-२२ डिसेंबरलाच सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो. पूर्वी केव्हातरी या दोन गोष्टी एकाच सुमारास येत असत, आज त्यांत सुमारे तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. अलीकडे दर वर्षी जानेवारी उजाडला की मोबाइलवर संदेश फिरू लागतात : यंदा संक्रांतीने अमुक रंगाचे वस्त्र नेसले आहे, सबब तो रंग वापरू नये, अमुक वाण देऊ नये, एकुलता एक मुलगा असणाऱ्यांनी तमुक करावे. पंचांगात संक्रांतीचे वाहन, वस्त्र, शस्त्र इत्यादींचे वर्णन असते हे खरे, पण त्यावरून घबराट पसरविणे हा निराळा उद्योग आहे. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांच्यासारखे अभ्यासक मकर संक्रांत अशुभ नसते, असे सांगत आले आहेत. असे संदेश पुढे पाठवू नयेत, ही विनंती.

एकाच रात्रीचे अनेक सण

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपली भोगी. सकाळी अभ्यंगस्नान, दुपारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची मिसळीची भाजी, मुगाची खिचडी आणि लोणी. सायंकाळ झाली की पंजाबी कुटुंबांच्या अंगणात लोहडी पेटते आणि अग्नीत रेवड्या, शेंगदाणे व मक्याच्या लाह्या टाकल्या जातात. सिंधी घरांत त्याच रात्री ‘लाल लोई’ असते, आणि दुसऱ्या दिवशी ‘तिरमूरी’, म्हणजे तीळ आणि मुळा. त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकीस माहेरहून लाडू व मुळे पाठविण्याची त्यांच्यात रीत आहे. तेलुगू कुटुंबांत तर सणाचे नावदेखील भोगीच. पहाटे घरातील जुन्यापुराण्या लाकडी वस्तूंची होळी करतात.

तेलुगू भोगीचा एक विधी पाहून आमच्यातील अनेक भगिनींना आश्चर्य वाटले. सायंकाळी लहान मुलांना पाटावर बसवून त्यांच्या डोक्यावरून बोरे, फुले, सुटी नाणी आणि उसाचे करवे ओततात. त्यास ते ‘भोगी पळ्ळु’ म्हणतात. आपल्या बोरन्हाणाहून यात काय निराळे आहे? आपण बाळास काळे झबले घालतो, हलव्याचे दागिने घालतो, चुरमुरे अधिक टाकतो, एवढेच. या गल्लीतील एका मराठी व एका तेलुगू घरातील बाळांचे बोरन्हाण गेली काही वर्षे एकाच अंगणात होते. गोळा करणाऱ्या मुलांना बोरे कोणत्या भाषेतील आहेत याच्याशी कर्तव्य नसते.

कन्नड घरांतून तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे यांचे मिश्रण आणि साखरेच्या आकृत्या येतात. त्यास ते ‘एळ्ळु-बेल्ल’ म्हणतात, म्हणजे तीळगूळच, आणि ते देताना चांगले बोला असेच सांगतात. तामिळ घरी नव्या तांदळाचे दूध उतू घालवून पोंगल होतो. त्यांच्या पंचांगाच्या नियमामुळे तो कधी एखादा दिवस पुढे जातो, जसा २०२६ मध्ये १५ जानेवारीस गेला. बिहारी शेजारी दही-चूडा व तिळकूट पाठवितात, बंगाली घरातून पिठे येतात. बुंदेलखंडातील मंडळी या सणास ‘बुडकी’ म्हणतात, कारण त्या दिवशी नदीत बुडी मारावयाची असते. भोपाळहून पुष्कळ लोक त्यासाठी नर्मदेवर जातात. होशंगाबाद, ज्याचे नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम् झाले, तेथील सेठानी घाटावर पहाटेपासून गर्दी असते. केवळ मल्याळी बंधूंचा सुगीचा सण यावेळी नसतो. त्यांचा ओणम श्रावण-भाद्रपदात होऊन गेलेला असतो. मात्र मकरसंक्रमणाच्या सायंकाळी शबरीमलैस मकरविळक्कु असल्यामुळे तेही घरी दिवा लावतात. सूर्याच्या संक्रमणावरून सण मानण्याची ही रीत भारताबाहेरही पोहोचली आहे. नेपाळात माघे संक्रांती आहे, आणि थायलंडमधील एप्रिलच्या ‘सोङक्रान’ सणाच्या नावात आपला ‘संक्रांति’ हाच शब्द आहे, फक्त तेथे संक्रमण मेषेचे.

तीळ, गूळ आणि सुगड

संक्रांत हा सुगीचा सण आहे असे आपण म्हणतो. परंतु सुगी कोणाची? दख्खनच्या पठारावर या सुमारास बाजरी घरात आलेली असते, ज्वारी हुरड्यावर असते, तीळ झोडून झालेले असतात, ऊस गाळपास जात असतो, हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात. सुगडात हरभरा, बोरे, उसाचे करवे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, शेंगा आणि तिळगूळ भरतात, तो त्या शेताचा नमुना आहे. भोपाळच्या आसपासची काळी जमीन आज मुख्यतः सोयाबीन व गव्हाची. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास निघून जाते आणि जानेवारीत गहू अजून हिरवा असतो. सीहोरच्या सुप्रसिद्ध शरबती गव्हाची कापणी होळीच्या आगेमागे होते. म्हणजे येथे आपण संक्रांत करतो ती आपल्या डोळ्यांसमोरच्या शेताची नव्हे, तर आठवणीतल्या शेताची.

तरीही सामग्री जुळते, आणि बरीचशी याच प्रदेशातून जुळते. तीळ बुंदेलखंडातून येतात. गुळासाठी कोल्हापूरची वाट पाहण्याचे कारण नाही. नर्मदेच्या खोऱ्यातील नरसिंहपूर जिल्ह्यात करेलीचा गूळ उत्तम मिळतो. बाजरी मुरैना-भिंडकडची असते. कठीण पडतो तो चिकीचा गूळ. तो न मिळाल्यास साध्या गुळाचे कडक लाडू करण्याचा हट्ट धरू नये, मऊ वड्या कराव्यात. ज्यांना कडकच हवे असतील त्यांनी पाकाचा थेंब पाण्यात टाकून पाहावा. त्याची गोळी होऊन ती ताटलीवर आपटता टणकन वाजली, तरच तीळ घालावेत. पावटे न मिळाल्यास सेमचे दाणे भोगीच्या भाजीत चांगले लागतात.

सुगड हा शब्द येथील कुंभारास कळत नाही. ‘करवा’ मागितल्यास तो तोटीचे पात्र देतो, तेही दिवाळीपूर्वीचे उरलेले. लहान तोंडाचे, तोटी नसलेले मडके असे समजावून सांगून महिनाभर आधी मागणी नोंदविणे हाच उपाय आहे. आम्ही दर वर्षी एकत्रित मागणी देतो. ज्यांना हवी असतील त्यांनी मार्गशीर्ष संपण्यापूर्वी संख्या कळवावी. काही घरी चहाच्या कुल्हडात पूजा मांडतात. त्यात काही अधिक-उणे आहे असे आम्हांस वाटत नाही.

काळ्या वस्त्राविषयी विचारणा होते. काळा रंग उष्णता शोषतो म्हणून थंडीत काळे, आणि तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते म्हणून थंडीत तीळ, ही कारणे ठीकच आहेत. जानेवारीत भोपाळचे रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते तेव्हा ती पटतातही. पण ज्यांच्या घरी काळे शुभकार्यास वर्ज्य आहे अशा उत्तर भारतीय शेजारणींना काळ्या चंद्रकळेतील सून पाहून प्रथम धक्का बसतो. त्यांना कारणे सांगत बसण्यापेक्षा, आमच्याकडे वर्षातून हा एक दिवस काळ्याचा मान असतो, एवढे सांगावे. ते लगेच समजते.

हळदीकुंकू कोणाचे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

संक्रांतीचे वाण हे घरात ठेवावयाचे नसते, ते द्यावेच लागते. सुगड पूजून देवाजवळ ठेवले म्हणजे सण झाला, असे होत नाही. ते दुसरीच्या ओटीत गेले पाहिजे, तिळगूळ दुसऱ्याच्या हातावर पडला पाहिजे. यासाठी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा अवधी असतो. आरंभ सूर्याच्या हिशेबाने आणि शेवट चांद्र तिथीने होत असल्यामुळे तो कमीजास्त होतो. २०२५ मध्ये रथसप्तमी ४ फेब्रुवारीस होती, म्हणून २१ दिवस मिळाले. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीस आल्याने ११ दिवसांतच सर्व आटोपावे लागले.

पुण्यात वा नागपुरात एका वाड्यातून वा इमारतीतून वीस मराठी घरे सहज मिळतात. अशोका गार्डनमध्ये मिळत नाहीत. त्यामुळे शेजारच्या पंजाबी, सिंधी, तेलुगू, बिहारी भगिनींना बोलावण्याची प्रथा पहिल्या पिढीने सुरू केली ती औदार्य म्हणून नव्हे, गरज म्हणून, हे स्पष्ट म्हटलेले बरे. पाच सुवासिनी पाहिजेत आणि मराठी दोनच आहेत, मग उरलेल्या तिघी कोठून आणणार? परंतु गरजेपोटी सुरू झालेली गोष्ट पन्नास-साठ वर्षांत रूढी होऊन बसली, आणि आज त्या तिघींच्या सुना आपणहून ‘इस बार हल्दी-कुमकुम कब है’ असे विचारतात. त्यांना वाण द्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. अवश्य द्यावे. त्याही लोहडीची रेवडी, तीजेचा घेवर, छठचा ठेकुआ आपल्याकडे धाडतातच. मुस्लिम व ख्रिस्ती शेजारणींपैकी कोणी कुंकू लावून घेतात, कोणी घेत नाहीत. अत्तर आणि गुलाबपाणी हा हळदीकुंकवाचा मूळचाच भाग असल्याने त्यांच्यासाठी वेगळे काही योजावे लागत नाही. तिळगूळ सर्वच घेतात.

चौथ्या प्रश्नावर मात्र आपल्यात एकमत नाही, आणि ते आहे असे दाखविण्यात अर्थ नाही.

हळदीकुंकू हा सौभाग्याचा समारंभ असून तो सुवासिनींपुरताच आहे, अशी जुनी धारणा आहे. त्या धारणेप्रमाणे पती गेल्यावर एक भगिनी, जी कदाचित चाळीस वर्षे या समारंभाची सर्व तयारी स्वतः करीत आली, ती एका वर्षात निमंत्रितांच्या यादीतून गळते. मोठ्या गावात तिला अन्य गोतावळा असतो. येथे, जेथे मराठी बोलावयास वर्षातून हाच एक प्रसंग, तेथे ती केवळ एका समारंभास मुकत नाही, ती आपल्या भाषेच्या संगतीस मुकते. हा भोपाळमधील मराठी भगिनींचा विशेष प्रश्न आहे, आणि महाराष्ट्रात बसून त्याचा अंदाज येणे कठीण आहे.

शिवाय हे नगर कोणते, याचाही विचार करावा. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर सहा आठवड्यांनी संक्रांत आली. ज्या शहरात करोंदच्या बाजूस विधवांसाठी एक संपूर्ण वसाहत उभारावी लागली आणि जिला लोक आजही ‘विधवा कॉलोनी’ याच नावाने ओळखतात, त्या शहरात सौभाग्यावरून पंगत वेगळी करणे हे जिभेवर जड होते. याच शहरावर एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या आरंभी बेगमांनी राज्य केले. त्यांतील पहिली, कुदसिया बेगम, १८१९ मध्ये पती वारल्यावर तरुण वयात कारभारावर आली होती. आणि आपल्याच घरांकडे पाहू. माळव्यातील कोणत्या मराठी घरी अहिल्यादेवी होळकरांची तसबीर नाही? १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, त्यानंतर चार दशके त्या जगल्या आणि त्यांतील जवळजवळ तीन दशके त्यांनी राज्य सांभाळले. २०२५ साली त्यांची त्रिशताब्दी आपण थाटाने साजरी केली. जुन्या धारणेचा नियम काटेकोर लावला तर त्या आपल्या दारी आल्या असता त्यांनाही वाण देता येणार नाही.

महाराष्ट्रातही याविषयी पावले पडली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने अन्य गावांनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठरावाने मन बदलते असे आम्ही म्हणणार नाही. पण एका गावाने जे लेखी केले ते एका गल्लीला तोंडी करता येऊ नये, हेही पटत नाही.

विरोध करणाऱ्यांची बाजूही येथे नमूद करणे न्याय्य होईल. त्यांच्यातील काही स्वतःच पती गमावलेल्या वयोवृद्ध भगिनी आहेत. ‘आम्हांला कोणी अडविले नाही, आम्हीच नको म्हणतो, आमच्या मनाला ते बरे वाटत नाही’, असे त्या सांगतात. त्यांच्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. कपाळावर जबरीने कुंकू लावून सुधारणा होत नसते. तर काही कुटुंबांचे म्हणणे असे की ज्यांना पटत असेल त्यांनी वेगळा तिळगूळ समारंभ करावा, हळदीकुंकवास हात लावू नये. या सूचनेचा आम्ही गांभीर्याने विचार केला. परंतु वेगळा समारंभ म्हणजे वेगळी पंगतच, तिला नाव निराळे दिले एवढेच.

यातून जी पद्धत गेल्या काही वर्षांत बसत चालली आहे ती अशी. निमंत्रण ‘सौ.’ व ‘गं. भा.’ असे भेद न करता ‘श्रीमती’ म्हणून आणि घरातील सर्व स्त्रियांस एकत्र जाते. हळदीकुंकवाचे ताट कोणी घेऊन फिरत नाही. ते चौरंगावर ठेवलेले असते. जिला लावावयाचे ती स्वतः लावते, मैत्रिणीस लावते, जिला नको ती लावीत नाही, आणि कोण लावते याकडे कोणी पाहत उभे राहत नाही. वाण मात्र प्रत्येकीला एकसारखे व हातात. दोन कुटुंबांनी या कारणास्तव येणे बंद केले, ती अद्याप आलेली नाहीत. त्यांच्या घरी तिळगूळ दर वर्षी पोहोचविला जातो आणि तो स्वीकारला जातो. दुसरीकडे, कित्येक वर्षे किंक्रांतीनंतर सूनबाईंच्या हाती डबा धाडून स्वतः घरीच राहणाऱ्या तीन ज्येष्ठ भगिनी आता समारंभास येऊन बसतात. त्यांतील एकजण कुंकवाच्या ताटाकडे वळत नाहीत, पण उखाणे घेण्याचा आग्रह सर्वांत अधिक त्यांचाच असतो.

येथे वाढलेली मुले आता पुणे, बंगळूर, लंडन, न्यू जर्सी अशा ठिकाणी आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचे, तेव्हा तेथेही संक्रांत काही नवी नाही. फक्त ती शनिवार-रविवार पाहून होते. संक्रमण सूर्याचे आणि समारंभ सुट्टीचा, याबद्दल त्यांना कोणी दोष देऊ नये, कारण रथसप्तमीपर्यंतचा अवधी शास्त्रानेच दिलेला आहे. तेथून दूरध्वनी येतात ते बहुधा पाकाविषयी आणि शेजारच्या तेलुगू वा पंजाबी मैत्रिणीला बोलवावे काय याविषयी. दुसरा प्रश्न अशोका गार्डनमध्ये वाढलेल्या मुलींना सहसा पडत नाही, तो पुण्याहून थेट गेलेल्यांना पडतो, असे आमचे निरीक्षण आहे.

वाणाच्या वस्तूविषयी शेवटची सूचना. प्लॅस्टिकचे डबे, गाळणी, चिमटे प्रत्येक घरी पुरेसे झाले आहेत. धान्य, गूळ, तुळशीचे वा कढीपत्त्याचे रोप, मुलांसाठी मराठी अंकलिपी, कापडी पिशवी अशांपैकी काही द्यावे. अंकलिपी अमराठी घरांतूनही मागितली जाते असा अनुभव आहे. समारंभात रिकामी झालेली सुगडे रथसप्तमीनंतर नदीत वा तलावात सोडू नयेत. बुडाशी छिद्र पाडून त्यांत रोपे लावता येतात. ज्यांना ती घरी ठेवावयाची नसतील त्यांनी ती धुऊन परत आणून द्यावीत, म्हणजे पुढील वर्षी नव्या कुटुंबांना रोपांसह देता येतील.